प्राणप्रतिष्ठा म्हणजे मूर्तीत देव कोंडणे नव्हे

गणपती जवळ आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. “भटजी मंत्र म्हणून मातीत देव घालतात आणि दीड दिवसाने त्यालाच बुडवतात. माणसाने प्राण दिलेला देव माणसाला काय देणार? मूर्ती भंगली तर देवही भंगला का? संतांनी तर मूर्तिपूजा केव्हाच नाकारली.” यातल्या बहुतेक शंकांची उत्तरे पूजेच्या पोथीतच आहेत, पण पोथी कोणी उघडत नाही.

“माणूस देवाला प्राण देतो.” घरच्या गणपतीचा विधी क्रमाने पाहा. पूजा करणारा आधी स्वतःच्या अंगावर न्यास करतो, म्हणजे मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करतो. मग मूर्तीच्या हृदयाशी हात लावून ‘आं ह्रीं क्रों’ या बीजाक्षरांचा मंत्र म्हणतो. त्याचा शेवट ‘सुखं चिरं तिष्ठन्तु’ असा आहे. इंद्रियांसह इथे येऊन सुखाने राहावे, एवढेच हे मागणे आहे. घडवणारा असे बोलत नाही, पाहुण्याला बोलावणारा बोलतो. पुढे गर्भाधानादी पंधरा संस्कारांसाठी पंधरा वेळा ॐकार म्हणतात आणि तुपात बुडवलेली दूर्वा डोळ्यांना लावतात. देवळातल्या पाषाणमूर्तीला आधी जलाधिवास, धान्याधिवास, शय्याधिवास असतो, म्हणजे तिला काही काळ पाण्यात, धान्यात आणि शय्येवर ठेवतात. तिचे डोळे सोन्याच्या शलाकेने उघडतात. नर्मदेत आपोआप घडलेले शिवलिंग म्हणजे बाणलिंग आणि गंडकी नदीतला विष्णुरूप शाळिग्राम यांना तर प्रतिष्ठा लागतच नाही. देवत्व माणूसच घालत असता, तर हा अपवाद कुठून आला असता?

“सगळीकडे असलेला देव एका मूर्तीत कसा?” याला जुना दृष्टांत आहे: दूध गाईच्या सर्वांगात असते, पण मिळते आचळातूनच.

“मग त्यालाच बुडवतात.” इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमा चल (हलवता येणाऱ्या) आणि अचल (कायमच्या बसवलेल्या) अशा सांगितल्या आहेत. अचल मूर्तीला आवाहन नाही नि विसर्जनही नाही. देव्हाऱ्यातल्या प्रतिष्ठित मूर्तींनाही रोजच्या पूजेत आवाहनाऐवजी फूल किंवा अक्षता वाहतात, कारण तिथे देव आहेच. पार्थिव, म्हणजे मातीचा, गणपती मात्र ठरावीक दिवसांचा. निघण्याआधी उत्तरपूजा, म्हणजे निरोपाची पूजा होते, अक्षता वाहून ‘पुनरागमनाय च’ म्हणतात आणि मूर्ती किंचित उत्तरेकडे सरकवतात. निरोप इथेच झाला. त्यानंतर पाण्यात जाते ती माती. चूक होते ती घाईत: मिरवणुकीच्या गडबडीत उत्तरपूजा राहते आणि मूर्ती तशीच उचलली जाते. साफसफाईसाठी मूर्ती मध्येच जागची हलवतात, तेही याच कारणाने चूक. बसवलेला पाहुणा उठवायचा नसतो.

“मूर्ती भंगली तर देवही भंगला का?” नाही, आणि म्हणूनच जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विधी आहे. मूर्तीतले तत्त्व कलशात घेतात, कलशाची पूजा चालू राहते आणि दुरुस्त किंवा नव्या मूर्तीत ते परत स्थापतात. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाची. अधिक आषाढाच्या वर्षी तिथे नवकलेवर होतो, म्हणजे देवाला नवे शरीर, नवी मूर्ती मिळते. 1996 नंतर तो 2015 साली झाला. जुन्या विग्रहातला (मूर्तीतला) ब्रह्मपदार्थ, म्हणजे आत जपलेली गुप्त पवित्र वस्तू, नव्यात ठेवतात आणि जुना विग्रह भूमीत जातो. भाविकांच्या लेखी जगन्नाथ तोच.

“संतांनी मूर्तिपूजा नाकारली.” हा आरोप सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. प्राणिमात्रांतल्या देवाची अवज्ञा करून केलेल्या पूजेला भागवताने ‘अर्चाविडंबन’, म्हणजे पूजेची थट्टा, म्हटले आहे आणि संतांनीही तिच्यावर कोरडे ओढले आहेत. पण तुकोबा काय म्हणतात ते नीट वाचा: ‘शिवपूजा शिवासि पावे । माती मातीमाजी सामावे’. माती माती आहे आणि पूजा शिवाला पोचते, दोन्ही एकाच ओळीत. मूर्ती नाकारायची असती तर पहिले अर्धे लिहिलेच नसते.

वारकऱ्यांचे आचरण त्याहून स्पष्ट आहे. आषाढीला विठ्ठलाचा पलंग काढतात, कारण तो रात्रंदिवस भक्तांसाठी उभा असतो. देवाला झोपवतानाची शेजारती बंद असते, पाठीशी लोड ठेवतात. वारी सरली की प्रक्षाळपूजा, म्हणजे देवाला न्हाऊ घालून शीण घालवण्याची पूजा होते, गरम पाण्याने स्नान घालतात आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात.