रात्री दोन वाजता रडणारी मुलगी

2025 च्या जानेवारीत पुण्यात मी अठरा मुलाखती घेतल्या. पेनसिल्व्हेनियातल्या वेन काउंटीत, होन्सडेल गावाजवळच्या एका समर कॅम्पमध्ये मी काम करते. हिवाळ्यात आम्ही काउन्सेलर शोधायला परदेशी जातो. लंडन, मँचेस्टरच्या भरती मेळाव्यांत तरुणांची रीघ लागते. पुण्याला जायचा हट्ट माझा होता. काउन्सेलर म्हणजे उन्हाळ्याचे सात आठवडे मुलांबरोबर एकाच केबिनमध्ये राहणारी ताई किंवा दादा. पोहायला नेणं, भांडणं सोडवणं, ओले मोजे वाळत घालायला लावणं, सगळं तिच्याकडे.

सगळ्यांना मी एक प्रश्न विचारतेच. रात्रीचे दोन वाजलेत, नऊ वर्षांची मुलगी घरच्या आठवणीने रडतेय, बाकीच्या झोपल्यात. काय कराल?

बहुतेकांनी सांगितलं, वरिष्ठांना कळवू, आईला फोन लावून देऊ. कोल्हापूरची एक मुलगी मात्र आधी थांबली. मग म्हणाली, "विचारीन, इथं बसू का? हो म्हणाली तर बसून राहीन. रडू नकोस असं म्हणणार नाही." आणि तिनेच मला विचारलं, "मॅडम, जवळ घेतलेलं चालतं का तिकडं?"

या प्रश्नाची मी वाट पाहत असते. आमच्याकडे मुलासोबत इतरांच्या नजरेआड एकटं राहायचं नाही, हा पहिला नियम. माया आणि मर्यादा या दोन्हींचा विचार एकोणिसाव्या वर्षी एका दमात करणारी व्यक्ती मिळाली, की मी कागद मिटते. तिची निवड झाली.

चार दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. "ताई, इंजिनिअरिंगच्या मुलीला पोरं सांभाळायला पाठवू? इंटर्नशिप केली तर बायोडेटात लिहिता तरी येईल." मला त्यांचा राग आला नाही. पोरं सांभाळणं म्हणजे ज्याला दुसरं काही जमत नाही त्याचं काम, ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही.

त्याच वसंतात महाराष्ट्रात पहिली ते नववीच्या परीक्षा 8 ते 25 एप्रिलदरम्यान घेण्यावरून वाद पेटला होता. इथे बसून मी रोज वाचत होते. ऊन किती, शिक्षकांनी निकाल कधी लावायचा, मामाच्या गावाला जायचं कधी? प्रश्न रास्त होते, आणि एप्रिलच्या उन्हात मुलांना वर्गात बसवण्याच्या मी विरोधात आहे. पण सुट्टी मिळाल्यावर त्या मुलांबरोबर कोण असणार, हे कुणीच विचारत नव्हतं. आजोळ ओस पडत चाललंय, आईवडील नोकरीवर. गल्लीत विशीतली ढीगभर मुलं आहेत आणि ती क्लासला गेलीत.

तरुणांनी सुट्टी शिबिरात काढणं आपल्याला नवं आहे असंही नाही. राष्ट्र सेवा दल 1941 पासून शिबिरं घेतं. एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, 1969 साली सुरू झाली, तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात कितीतरी जणांनी पहिल्यांदा पन्नास माणसांचा स्वयंपाक केला. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीत भर मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, तरुण कुदळ हातात घेतात. आणि यात पैशाची भिंत नव्हती. आमच्यासारख्या खासगी कॅम्पची हंगामाची फी दहा हजार डॉलरच्या पुढे जाते. साध्या घरातलं मूल तिथे येतं ते कुणी शुल्क भरलं तरच. काउन्सेलरच्या हाती मात्र एक ठोक रक्कम पडते. वर्षात सात महिन्यांहून जास्त न चालणाऱ्या अशा ठिकाणांना इथल्या केंद्रीय किमान वेतन कायद्यातून सूट आहे. ही सूट मला पटत नाही, आणि मुलाखतीतच मी उमेदवारांना ते सांगते.

तरीही अमेरिकेकडून एक गोष्ट मी निःसंकोच घेईन. परदेशी काउन्सेलर जे-1 या एक्स्चेंज व्हिसावर येतात. त्याच्या नियमात वय किमान अठरा लागतं, मुक्काम चार महिन्यांपर्यंत, आणि या काउन्सेलरना स्वयंपाकी म्हणून किंवा भांडी घासायला ठेवायला मनाई आहे. त्यांनी मुलांसोबतच असायचं. मुलं सांभाळणं हे कौशल्याचं काम आहे, असं इथे कायदाच मानतो. आम्ही मुलं येण्याआधी त्याचं प्रशिक्षण देतो, नंतर शिफारसपत्र देतो, आणि नोकरी देणारा ते वाचतो. आपल्या विद्यापीठांनी उन्हाळ्यात गावातल्या तीस मुलांबरोबर महिना काढणाऱ्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपइतकंच श्रेय द्यावं, एवढी माझी मागणी आहे. त्याला डॉलर लागत नाहीत.

ती मुलगी आली नाही. वडील तयार झाले होते. कागद रेंगाळले, आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घ्यायची वेळ आली तेव्हा, 27 मे 2025 रोजी, अमेरिकी सरकारने विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या नव्या तारखा देणं थांबवलं. समाजमाध्यमांची तपासणी वाढवायची होती. 18 जूनला तारखा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमच्या केबिन भरायला आठवडाही उरला नव्हता. तिच्या केबिनमध्ये तिघींचं काम दोघींनी केलं. एक जण स्कॉटलंडची होती, तिला गाणी फार येत. तरी पहिल्या रात्री कुणीतरी रडायला लागलं, आणि मला कोल्हापूर आठवलं.

यंदा तिने पुन्हा अर्ज केलाय. परवा वडिलांचा फोन आला. कागदपत्रांचं बोलून झालं, तरी ते फोन ठेवेनात. मग म्हणाले, "ताई, ते रडणाऱ्या पोरीचं तुम्ही विचारलं होतं ना, त्याचं बरोबर उत्तर काय हो?"