पोर्तुगालची रॅली, ती जुनी क्लिप आणि एसीपीचं काम

ग्रुप बी, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या अफाट ताकदीच्या रॅली गाड्यांचा वर्ग, त्या जमान्यातली ती पोर्तुगालची क्लिप परत फिरायला लागलीये. रस्ता असा दिसतच नाही, नुसती माणसं, गाडी अंगावर येते तशी गर्दी फाटत जाते, कुणी जाता जाता गाडीला हात लावतंय, कुणी शेवटच्या क्षणी उडी मारून बाजूला होतंय. आणि खाली कमेंट्स ठरलेल्या, खरी रॅली तेव्हाच होती, आताच्या फॅन्समध्ये दम नाही, सगळं पट्ट्या लावून बांधून टाकलंय वगैरे. मला ती क्लिप एन्जॉय करताच येत नाही. रॅली हा माझा जीव की प्राण विषय आहे आणि म्हणूनच त्या गर्दीबद्दल आणि आज ही रॅली घेणाऱ्या एसीपी या क्लबबद्दल लिहावंसं वाटलं.

५ मार्च १९८६. सिंत्राजवळची लागोआ आझुल स्टेज (स्टेज म्हणजे बंद रस्त्यावरचा, वेळ लावून पळायचा टप्पा), रॅलीची सुरुवातच. जोआकिम सांतोस हा तिथलाच ड्रायव्हर, फोर्ड आरएस२०० मध्ये, चारशेच्या वर हॉर्सपॉवरची गाडी. रस्त्यावर आलेल्या लोकांना चुकवताना गाडी हातातून सुटली आणि गर्दीत घुसली. तीन माणसं गेली, तीसच्या वर जखमी. त्या दिवशी फॅक्टरी टीम्सचे, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या टीम्सचे, मोठेमोठे ड्रायव्हर एस्टोरिलच्या हॉटेलात एकत्र बसले आणि सगळ्यांच्या सह्यांचं पत्रक काढलं की आम्ही पुढे चालवणार नाही. त्यातला मुद्दा नीट वाचण्यासारखा आहे, त्यांचं म्हणणं होतं की हा अपघात गाडीच्या प्रकारामुळे किंवा वेगामुळे झालेला नाही, रस्त्यावर उभ्या माणसांना टाळताना झालाय, आणि प्रेक्षकांच्या जिवाची हमी आम्हाला देता येत नाही. रॅली तरी पुढे चाललीच आणि जोआकिम मोटिन्हो रेनॉ ५ टर्बो घेऊन जिंकला. वर्ल्ड चॅम्पियनशिपची फेरी घरच्या मैदानावर जिंकलेला तो एकमेव पोर्तुगीज, आणि त्याच्या वाट्याला जिंकणं आलं ते असं. वाईट वाटतं त्याच्यासाठी. दोन महिन्यांनी कॉर्सिकाच्या रॅलीत ड्रायव्हर हेन्री तोइवोनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जियो क्रेस्टो अपघातात गेले, ग्रुप बी बंद करायचा निर्णय झाला, आणि लोकांच्या लक्षात फक्त कॉर्सिका राहिलं.

गर्दीत गाडी चालवणं म्हणजे काय हे कळायला पेसनोट्स, म्हणजे आधी रस्ता बघून लिहून ठेवलेली वळणांची टिपणं, माहीत पाहिजेत. को-ड्रायव्हर वळण वाचून सांगतो ते ठीक, पण ड्रायव्हरला डोळ्यांनी कडा दिसावी लागते, वळण कुठे संपतंय, आतला दगड कुठे आहे. माणसांची भिंत उभी राहिली की वळणाचा आकारच गायब होतो, मग ड्रायव्हर लोकांच्या अंगावर गाडी नेम धरून नेतो आणि ते हटतील असं धरून चालतो. याला हिंमत म्हणा हवं तर, पण हा खेळ नाही.

आता मुद्द्यावर येतो. ही रॅली आज जो क्लब घेतो तो म्हणजे ऑटोमोव्हेल क्लब द पोर्तुगाल, एसीपी. १९०३ चा क्लब, राजेशाही होती तेव्हाचा, त्यामुळे नावात तेव्हा 'रॉयल' होतं, १९१० ला प्रजासत्ताक आलं आणि ते गेलं. रॅली सुरू झाली १९६७ ला, ती टॅप या विमान कंपनीतल्या लोकांनी सेझर टोरेसच्या पुढाकाराने काढलेली, क्लबकडे नंतर आली. १९७३ ला वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप सुरू झाली त्या पहिल्याच वर्षी पोर्तुगाल त्यात होतं. पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच, हाच क्लब वर्षभर रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत पाठवतो, ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, इन्शुरन्स बघतो. म्हणजे ज्या रस्त्यावर मे महिन्यात रॅली धावते त्याच देशातल्या रस्त्यांवर त्यांचे मेंबर रोज गाडी चालवतात. आठवडाभर येऊन तंबू गुंडाळून जाणाऱ्या कंपनीने रॅली घेणं आणि अशा क्लबने घेणं यात फरक पडतोच, माझं ठाम मत आहे.

आणि त्यांना सगळं सहज मिळालेलं नाही. २००१ ला पावसाने सगळा चिखल, स्टेजेस रद्द, आणि २००२ च्या कॅलेंडरमधून पोर्तुगाल बाहेर, जर्मनी आत. इतक्या जुन्या रॅलीला बाहेरचा रस्ता दाखवला! नंतर २००७ ला परत आली ती थेट दक्षिणेत, अल्गार्व्हला, जिथे उत्तरेसारखी गर्दी उसळत नाही. तेव्हा खूप लोकांनी नावं ठेवली, उत्तरेतल्या त्या फाफेच्या स्टेजशिवाय कसली पोर्तुगालची रॅली म्हणून. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता. आधी व्यवस्था दाखवा, मग गर्दीत जा. २०१५ ला उत्तरेत परतले, फाफेचा तो शेवटचा जंप, तो डोंगरउतार माणसांनी भरलेला, पण माणसं रस्त्यात नाहीत, वर उतारावर, आखून दिलेल्या झोनमध्ये. लोक आदल्या रात्रीपासून तंबू टाकून बसतात, झेंडे, आरडाओरडा, सगळं तेच. ज्यांना वाटतं पट्ट्या लावल्या की मजा गेली त्यांनी फाफेचा आवाज एकदा ऐकावा.

यामागे काय लागतं ते कुणी बोलत नाही. रस्ता बंद करायचा म्हणजे नगरपालिका, जमीनमालक, गावं, पोलीस, सगळ्यांशी महिनोनमहिने बोलणी. मग मार्शल्स, रेडिओ पॉईंट्स, डॉक्टर, आणि स्पर्धकांच्या आधी एकामागून एक जाणाऱ्या सेफ्टीच्या गाड्या, शेवटी झिरो कार, म्हणजे पहिल्या स्पर्धकाच्या अगदी आधी जाणारी गाडी. मधे एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या सेफ्टी डेलिगेटची गाडी. हे काम बरीच वर्षं मिशेल मूतोंने केलं, जी १९८२ ला ऑडी क्वात्रो घेऊन हीच रॅली जिंकलेली! त्या गर्दीतून फुल स्पीडने गेलेली बाई नंतर लोकांना मागे व्हा म्हणून सांगायला आली, यापेक्षा जास्त अधिकार कुणाला असणार?

माणसं चुकीच्या जागी दिसली तर स्टेज थांबते, नाहीच हटली तर रद्द होते आणि क्रू साध्या वेगाने बाहेर पडतात. तिकडे तासन्तास उन्हात बसलेल्यांचा संताप होतो, इकडे आम्ही स्क्रीनसमोर चरफडतो, मीही चरफडतो. तरी क्लबने एकदाही हात आखडता घेऊ नये. एका वळणावरच्या चार जणांसाठी हजारोंचा दिवस वाया जातो हे खरंय, पण ते चार जण कोण हे गाडी त्यांच्यात घुसल्यावर कळून उपयोग नाही.

एक तक्रार मात्र आहे. स्टेज थांबली की लाईव्हवर नुसतं 'डिले' लिहून येतं आणि जुने हायलाईट्स सुरू होतात. तेव्हाच दाखवा ना कुठल्या वळणावर काय झालं, मार्शल काय करतायत, डेलिगेट काय सांगतेय किंवा सांगतोय. क्लबने ब्रॉडकास्टवाल्यांकडे हे मागून घ्यावं, झिरो कारमध्ये एक कॅमेरा लावावा आणि पहिली गाडी सुटायच्या आधी पूर्ण स्टेज त्या कॅमेऱ्यातून दाखवावी. मी ती पहिल्या मिनिटापासून बघेन.