भोंडल्यात हत्ती मधेच हवा

आज सोसायटीच्या भोंडल्याहून आले ती डोकं तापवूनच. हत्तीचा पाट स्टेजवर, भिंतीला टेकवलेला. त्याच्यापुढे बायकांचा अर्धगोल, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे आणि गाणी स्पीकरवर. का, तर गोल केला की निम्म्या जणींची पाठ दिसते! अहो, दिसू दे की पाठ. भोंडला बघणाऱ्यांसाठी नसतोच, फेर धरणाऱ्यांसाठी असतो.

माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, हादगा म्हणायचे. फेर मामी लावायची. दोन मोठ्या बायकांच्या मध्ये एक लहान मुलगी. आम्हाला मैत्रिणीशेजारी उभं राहायचं असायचं, पण ती ऐकायची नाही. गाणं पाठ नसलं तरी अडायचं नाही, कारण समोरच्या काकूंचे ओठ दिसायचे. एकेका कडव्यात एकेकच शब्द बदलत जाणारी गाणी ही, पुढचा शब्द समोरून कळायचा. आज शेजारणीच्या कानातल्याखेरीज मला काही दिसलं नाही.

गेल्या वर्षी तर दोन फेर केले होते, पोरी आत, बायका बाहेर. बाहेरचा घेर मोठा, म्हणून बायका ढांगा टाकतायत, आतल्या पोरी तुरुतुरु, आणि गाणं दोन्हीकडे वेगळ्या लयीत. मामीच्या फेरात मोठ्यांची पावलं आपोआप आखूड व्हायची, हातात पोरीचा हात असायचा ना!

डहाणू-जव्हारकडचा वारल्यांचा तारपा नाच बघा. तारपा वाजवणारा मध्ये, बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती. तिथे कुणी त्याला कोपऱ्यात उभं करत नाही.

मान्य, पार्किंगमध्ये खांब आहेत, आणि परदेशातल्या लेकीला व्हिडिओ पाठवावासा वाटतो. आयोजन करणाऱ्या मुलींवर माझा राग नाही. ऑफिस सांभाळून, रात्री जागून त्यांनी खिरापती केल्यात.

पण मामी आठवते. शेवटी शेवटी गुडघ्यांमुळे तिला फिरता येत नव्हतं. कुणी तिला कडेला खुर्चीवर बसवलं नाही. मध्ये, हत्तीच्या पाटाशेजारी बसवली आणि फेर तिच्याभोवती धरला. कुणी कडवं चुकलं की तिथूनच ओरडायची.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी आज दोन तास कडेला बसून होत्या. गाणी त्यांना सगळ्यांत जास्त येतात.

दसऱ्याच्या आत एक संध्याकाळ आमच्या गच्चीवर या. पाट मध्ये, आजी पाटाशेजारी, स्पीकर नाही. कुणी कुणाशेजारी उभं राहायचं ते मी सांगणार. खिरापत माझी.