‘९० टक्के अपघात कामगाराच्याच चुकीमुळे’ हा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी

४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन जवळ आला की कंपन्यांच्या ग्रुपवर आणि लिंक्डइनवर दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात पण सार तेच. ९० टक्के (कधी ८८, कधी ९५) अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात. काही कामगार मुळातच अपघात ओढवून घेणारे असतात, त्यांना ओळखून बाजूला करा. ट्रेनिंग, हेल्मेट, ग्लोव्हज दिले की कंपनीचं काम झालं. जास्त तास काम केल्याने कुणाला काही होत नाही, आमच्याकडे तीस तीस वर्षं काम केलेले लोक ठणठणीत आहेत. आणि शेवटी, ज्या कंपनीच्या बोर्डवर अपघात शून्य, ती कंपनी सुरक्षित.

मला या मेसेजचा राग येतो, कारण पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेला विशीतला पोरगा हॉस्पिटलमध्ये पडलेला असतो आणि घरच्यांना हेच वाक्य ऐकवलं जातं, की त्याचंच लक्ष नव्हतं. मलेरिया आला की आपण पेशंटला दोष देत बसत नाही, कुठल्या वस्तीत, कुठल्या महिन्यात, किती लोकांमागे किती केसेस हे मोजतो आणि डबक्यापर्यंत पोचतो, आणि कामाच्या जागी होणाऱ्या जखमांना आणि आजारांनाही साथरोगशास्त्राची हीच पद्धत लागू पडते, गेल्या शंभर वर्षांत पडलेली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीमुळे, हे सिद्ध झालंय’

नाही झालेलं. हा आकडा हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकन माणसाचा, साल १९३१. तो ट्रॅव्हलर्स नावाच्या विमा कंपनीत होता. त्याने सुमारे ७५,००० केसेस बघितल्या, १२,००० विमा कंपनीच्या फायलींतल्या आणि बाकीच्या कारखानदारांच्या रेकॉर्डमधल्या, आणि वाटणी केली की ८८ टक्के चुकीची कृती, १० टक्के धोकादायक परिस्थिती, २ टक्के टाळता न येण्यासारखे. आता त्या फायली लिहिल्या कुणी? बहुतेक सुपरवायझरने आणि मालकाच्या माणसांनी. शिवाय प्रत्येक अपघाताला एकच कारण द्यायचं, माणूस नाहीतर मशीन, दोन्ही नाही. त्याचा मूळ डेटा आज कुणाला तपासायला मिळत नाही. नव्वदेक वर्षांपूर्वीचा, एका बाजूने लिहिलेला, तपासता न येणारा आकडा आपण २०२० नंतरही सुविचारासारखा पाठवतोय. आणि खुद्द हाइनरिकनेही मशीनला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून बसवलेला आडोसा) हवं, नुसतं माणसाला दोष देऊन भागणार नाही हे सांगितलं होतं, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

एक पॉवर प्रेस डोळ्यासमोर आणा. जुन्या पिन-क्लचच्या प्रेसला (क्लच म्हणजे मोटरची ताकद जोडणारा भाग) एकदा चालू केलं की पंच, म्हणजे वरून खाली येणारा ठोकळा, पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्येच थांबवायची सोयच नसते. ऑपरेटर पत्रा डायवर (खालच्या साच्यावर) ठेवतो, प्रेस चालवतो, जॉब (तयार तुकडा) काढतो, परत पत्रा, तासाला शेकडो वेळा. दोन्ही हातांनी दाबायची बटणं बसवलेली असतात पण त्याने वेग कमी होतो म्हणून एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं, गार्ड बिघडलंय ते काढून ठेवलंय, लाइन थांबवायची नाही कारण संध्याकाळी गाडी लोड व्हायची आहे. जॉब डायमध्ये अडकतो, पोरगा बोटाने काढायला जातो, क्लच घसरतो आणि पंच परत खाली येतो. रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात काय लिहितात? ‘कामगाराने हात आत घातला.’ बरोबर आहे, घातला. पण बटण कुणी बांधलं, गार्ड कुणी काढलं, क्लचचं मेंटेनन्स कधी झालं याला रकानाच नाही, आणि रिपोर्ट लिहिणारा तोच ज्याच्यावर त्या लाइनचं टार्गेट आहे.

सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था ऑटो पार्ट्सच्या कारखान्यांत जखमी झालेल्या कामगारांशी थेट बोलून २०१९ पासून अहवाल काढते, आधी हरियाणातले, नंतर महाराष्ट्रातलेही. चित्र परत परत तेच येतं, सगळ्यात जास्त जखमा पॉवर प्रेसवर, त्यातल्या बहुतेकांची बोटं गेलेली, आठवड्याला ६० तासांवर काम करणारे भरपूर. निष्काळजीपणा हेच कारण असतं तर तो सगळ्या मशीनवर विखुरलेला दिसला असता. एकाच प्रकारच्या मशीनवर इतका ढीग का पडतो याचं उत्तर मेसेजवाल्यांनी द्यावं.

‘काही माणसं अपघाती असतात, त्यांना काढा’

साधा हिशोब करून बघा. १०० कामगार, वर्षात १०० जखमा, आणि समजा प्रत्येकाचा धोका अगदी सारखा, सगळा खेळ नुसत्या योगायोगाचा. तरीसुद्धा साधारण ३७ जणांना एकही जखम होणार नाही, ३७ जणांना एक होईल आणि उरलेल्या २६ जणांच्या वाट्याला दोन किंवा जास्त येतील, म्हणजे १०० पैकी जवळजवळ ६३ जखमा या २६ जणांच्या. मॅनेजर हा तक्ता बघून म्हणणार, बघा, पाव लोकच सगळी गडबड करतात. त्यांना काढा, पुढच्या वर्षी नवीन २६ तयार असतील. १९१९ मध्ये ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांच्या जखमांवर ग्रीनवुड आणि वुड्स यांनी जो अभ्यास केला तिथून ही ‘अपघाती माणूस’ कल्पना पसरली. त्यांना धोका सगळ्यांचा सारखा नाही असं दिसलं हे खरं, पण तो स्वभावामुळे की कामामुळे हे नुसत्या मोजणीतून ठरत नाही. प्रेसवरच्या माणसाची तुलना पॅकिंगवरच्या माणसाशी करून स्वभाव कसा कळणार?

‘ट्रेनिंग आणि पीपीई (हेल्मेट, ग्लोव्हज वगैरे) दिलं की झालं’

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच सगळे पैसे आणि सगळे फोटो जातात. ट्रेनिंग द्यायलाच हवं, त्याला विरोध नाही. पण २०१२ मध्ये ट्रेनिंगवरचे चांगले अभ्यास एकत्र करून जो आढावा घेतला गेला त्यात असं निघालं की ट्रेनिंगने माणसाचं वागणं बदलतं याला भक्कम पुरावा आहे, पण त्याने जखमा आणि आजार कमी होतात याला पुरेसा पुरावा मिळाला नाही.

मग काय चालतं? गावाकडचं उदाहरण घ्या, कडबाकुट्टी आणि मळणी यंत्र, दोन्हीत हात गेलेला माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहे. आयआयटी दिल्लीच्या प्रा. दिनेश मोहन यांच्या टीमने उत्तर भारतातल्या गावांत घरोघरी जाऊन मोजलं, कुणाला लागलं, कशाने, नेमकं काय करताना. कडबाकुट्टीत लक्षात आलं की जखमींमध्ये लहान मुलं खूप आहेत, मोकळ्या पडलेल्या मशीनचं चाक फिरवत खेळतात. आता चार वर्षांच्या पोराला काय सेफ्टी ट्रेनिंग देणार? म्हणून त्यांनी मशीनच बदलायचं सुचवलं, काम नसताना चाक फिरू नये म्हणून लॉकिंग पिन, पात्यावर गार्ड, हात रोलरकडे जायला लागला की आधीच जाणवेल अशी सोय. मळणी यंत्राचंही तसंच आहे, पेंडी लोटायची नळी हात पुरणार नाही इतकी लांब आणि वरून झाकलेली असेल तर रात्री दमलेल्या, झोपाळलेल्या माणसाचाही हात वाचतो. १९८३ चा धोकादायक यंत्र नियमन कायदा या मळणी यंत्रांच्या जखमांमुळेच आला.

हॉस्पिटलमधल्या सिस्टर लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की सुई टोचणार नाही याची काळजी घ्या. अमेरिकेने २००० साली कायदा करून सेफ्टी सुया वापरणं बंधनकारक केलं आणि २००१ मध्ये तिथल्या हॉस्पिटलांत सुया-पाती टोचण्याच्या जखमा सुमारे ३८ टक्क्यांनी घसरल्या. एका वर्षात सगळ्या नर्सेस अचानक सावध झाल्या होत्या का? स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला उलटल्यावर ड्रायव्हर चिरडू नये म्हणून मजबूत चौकट सक्तीची केली, आणि पुढच्या काही दशकांत ट्रॅक्टर उलटून मरणारे जवळपास संपले. शेतकरी तेच, उतार तेच.

‘जास्त तासांनी काही होत नाही’

होतं, आणि मोजलेलं आहे. अमेरिकेत १९८७ ते २००० या काळात सुमारे १०,८०० लोकांच्या नोकऱ्यांची माहिती घेऊन केलेला अभ्यास २००५ मध्ये छापून आला. ओव्हरटाइम असलेल्या नोकऱ्यांत जखमेचा किंवा आजाराचा धोका ६१ टक्क्यांनी जास्त, दिवसाला १२ तास किंवा जास्त असेल तर ३७ टक्क्यांनी जास्त. वय, धंदा, इंडस्ट्री हे सगळं हिशोबात धरून. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, त्या चर्चेत ओव्हरटाइमचे पैसे आणि गुंतवणूक यावर सगळे बोलले, बाराव्या तासाला प्रेससमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांचं काय यावर मला फार काही वाचायला मिळालं नाही.

याला जोडून अजून एक गोष्ट. टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थने दाखवलंय की नोकरीच्या पहिल्या महिन्यात जखमेचा धोका वर्षभराहून जुन्या कामगाराच्या तिप्पटीहून जास्त असतो. आपल्याकडे ठेकेदार दर काही महिन्यांनी माणसं बदलतो, म्हणजे कायम कुणीतरी पहिल्या महिन्यातलाच मशीनवर.

‘आमच्याकडे तीस वर्षं काम केलेले ठणठणीत आहेत’

ठणठणीत आहेत म्हणूनच तीस वर्षं टिकले ना. ज्यांना जमेना ते गावी गेले, त्यांना तुम्ही मोजलंच नाही. मुंबईच्या गिरणगावात कापसाच्या धुळीत काम केलेल्यांच्या घरी विचारा, सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, आठवडा सरता सरता बरं वाटायचं, परत सुट्टी, परत तेच. हे बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. रिचर्ड शिलिंग या डॉक्टरने १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांत याच सोमवारच्या लक्षणावरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. गिरणीच्या गेटवर उभं राहून फक्त आत येणारे मोजले तर आजार निम्माच दिसणार, दम लागून घरी बसलेले त्यात नसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२३ चा अंदाज आहे की कामामुळे दरवर्षी जगात सुमारे २९ लाख माणसं मरतात, त्यातली २६ लाख आजारांनी आणि ३.३ लाख अपघातांनी. मेसेजमध्ये आजार हा शब्दच नाही.

‘बोर्डवर शून्य म्हणजे सुरक्षित’

कायद्यानुसार सरकारला कळवायची जखम म्हणजे ४८ तास किंवा जास्त कामावर येता आलं नाही अशी. मग बँडेज बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसवून ठेवलं की रेकॉर्ड स्वच्छ. शून्याला बक्षीस ठेवलं की टीममधलेच लोक सांगतात, अरे नोंदवू नको, सगळ्यांचा बोनस जाईल.

तुमच्या कंपनीत सेफ्टी कमिटी असेल तर जखमांच्या रजिस्टरमध्ये हे रकाने वाढवून घ्या, मशीन नंबर, शिफ्टचा कितवा तास, त्या आठवड्यात आधी किती तास झाले होते, त्या कामावर किती दिवस झाले, कायम की ठेकेदाराचा, गार्ड आणि सेन्सर त्या क्षणी चालू होते का. आणि प्रत्येक मशीनवर एकूण किती माणूस-तास काम झालं तेही लिहा, नाहीतर कुठे जास्त आणि कुठे कमी हे कळणारच नाही. किरकोळ कापलेलं, थोडक्यात वाचलेलं, सगळं नोंदवा, नाव न लिहिता चालेल. सहा महिन्यांत ढीग कुठे पडतोय ते दिसायला लागेल, मग सगळ्यात वरच्या दोन मशीनवर गार्ड कधी बसणार त्याची तारीख मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून सही घ्या.