लढाईचा घोडा ‘काहीही’ ऐकत नाही: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

माझा भाचा सुट्टीत चिमूर तालुक्यातल्या आमच्या गावी आला की घरच्या पोट्ट्यांना जमवून ओसरीत पाथफाइंडर खेळतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन वीस बाजूंच्या फाशावर खेळायचा कल्पनेचा खेळ. खेळाची पहिली आवृत्ती, कारण तिचे नियम नेटवर रीतसर फुकट वाचता येतात. परवा त्यानं मला एक मेसेज पाठवला, ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’वाला, आणि खाली लिहिलं, ‘मामा, हे खरं आहे ना? कारण इथं यावरून रोज भांडण होऊन राह्यलं.’

मेसेजचा मजकूर असा: लढाईसाठी शिकवलेला प्राणी विकत घ्या, तो सांगाल ते करतो आणि हुकूम द्यायला तुमची ॲक्शन (आपल्या पाळीत करायची कृती) खर्च होत नाही. कुत्री जितकी जास्त तितकं बरं, मेली तर नवीन घ्या. फाशावर वीस पडला तर वाघसुद्धा भर लढाईत आपला होतो. आणि आपण खेड्यातली माणसं, आपल्याला जनावरं कळतात, नियम वाचायची गरज नाही.

नाही, खरं नाही. आणि हे लिहिणाऱ्यानं ‘हँडल ॲनिमल’ (जनावर हाताळणं) या कौशल्याचं नियमांतलं एक पान उघडलं असतं तरी हा मेसेज निघाला नसता.

‘सांगाल ते करतो’ यापासूनच सुरू करू, कारण सगळा घोळ इथं आहे. त्या पानावर ‘शिकवलेला’ याचा अर्थ स्पष्ट दिलाय: प्राण्याला ठरावीक ट्रिक्स, म्हणजे शिकवलेले हुकूम, येतात. घोडा किंवा कुत्रा यांची बुद्धी 2, म्हणून जास्तीत जास्त 6 ट्रिक्स. लढाईचं शिक्षण 6 आठवड्यांचं, आणि त्यात तो शिकतो अटॅक (हल्ला), कम (ये), डिफेंड (मालकाचं रक्षण), डाउन (माघार), गार्ड (राखण) आणि हील (मागोमाग चालणं). झाल्या सहा. डोकं भरलं. आता त्याला ‘ती किल्ली उचलून आण’ म्हणाल तर ‘फेच’ ही वेगळी ट्रिक आहे, ती त्याला येत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे अटॅक शिकलेला प्राणी माणसं, माणसासारखे जीव आणि इतर जनावरं यांच्यावरच जातो. हाडांचे सापळे, चालती प्रेतं यांच्यावर जायला अटॅक दोनदा शिकवावी लागते, म्हणजे आणखी एक जागा लागते, आणि ती तर उरलेलीच नाही. भाच्याच्या खेळात भुयारात हाडांचे सापळेच सापळे आहेत, आणि तिथं एकानं 300 सुवर्णमुद्रा देऊन लढाईचा घोडा नेला! या मेसेजच्या भरवशावर.

जी ट्रिक येत नाही ती जबरीनं करवून घेता येते, त्याला ‘पुश’ म्हणतात. त्याला फासा आणि कौशल्य मिळून बेरीज 25 यावी लागते आणि तुमचा पूर्ण राउंड, म्हणजे तुमची अख्खी पाळी, जाते. येत असलेली ट्रिक करवायला 10 पुरते, पण तिथंही मूव्ह ॲक्शन, म्हणजे पाळीतली हालचालीची कृती, खर्च होतेच. प्राणी जखमी असला तर दोन्ही आकडे 2 नं वाढतात. आता या पोरांचे लढवय्ये बघा. सगळ्यांनी करिश्मा (छाप पाडायची ताकद) 8 ठेवलाय, त्याला 1 ची वजाबाकी, आणि हँडल ॲनिमलमध्ये एक रँक (शिकलेली पायरी) नाही. म्हणजे प्रत्येक फाशातून 1 वजा. साधा हुकूम निम्म्या वेळा फसणार, जखमी घोड्याला तर दहापैकी सहा वेळा. आणि पुश? वीस पडला तरी बेरीज 19. कधीच नाही.

यात अर्धं सत्य आहे तेही सांगतो. ड्रुइडला (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राला) स्वतःच्या सोबती प्राण्याला हुकूम द्यायला खरंच वेळ लागत नाही, वर 4 ची भर मिळते. डिफेंड येणारा प्राणी न सांगताही मालकाचं रक्षण करतो. डी अँड डी या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत घोड्याला हाकायला तुमची ॲक्शन जात नाही, पण तसा हाकलेला घोडा धावणं, निसटणं आणि वार चुकवणं यापलीकडं काही करत नाही. मेसेजवाल्यानं यातलं कुठलं तरी एक ऐकलं आणि सगळ्या प्राण्यांना लावून टाकलं.

कुत्र्यांच्या झुंडीनं मात्र खरं नुकसान केलं. राखणीचा कुत्रा 25 मुद्रांना मिळतो, म्हणून एकानं अख्खी टोळी घेतली आणि प्रत्येक कुत्र्याची चाल, प्रत्येकाचा फासा. माझी धाकटी भाची वैदू झालेली, तिची टर्न येईस्तोवर ती पेंगायला लागायची. नियमानं एका राउंडमध्ये मूव्ह ॲक्शन फार तर दोन करता येतात, त्याही स्वतः वार न करता. म्हणजे नवे हुकूम दोनच कुत्र्यांना. आणि ‘मेली तर नवीन घ्या’ वाचून मला चीड आली. याच पानावर डाउन नावाची ट्रिक आहे, जनावराला लढाईतून मागं बोलवायची. ती राखणीच्या कुत्र्याला शिकवलेलीच असते. पोरांना ती कुणी सांगितलीच नाही, ते फक्त कुत्री मारत राहिले.

वाघाचं थोडक्यात. पाथफाइंडरमध्ये कौशल्याच्या फाशावर वीस म्हणजे आपोआप यश नाही. जंगली जनावर माणसाळवायचं तर पिल्लापासून वाढवावं लागतं, वाघासाठी बेरीज 21. ड्रुइड किंवा रेंजर (रानात वावरणारा लढवय्या) त्याचा राग शांत करू शकतात, पण त्याला साधारण एक मिनिट लागतं. म्हणजे लढाईचे दहा राउंड. ताडोबाच्या कडेला राहणाऱ्या पोरांनी तरी हे मानायला नको होतं.

राहिला ‘आपल्याला जनावरं कळतात’ हा मुद्दा. कळतात म्हणूनच नियम पटायला हवेत. गोऱ्हा एका दिवसात बंडीला जुंपत नाही कुणी. आधी जुन्या बैलाच्या जोडीला लावतात, रोज थोडं चालवतात, आणि आवाज ओळखीचा लागतो. पुस्तकातले आठवडे तेच सांगतात.

भाच्याला कळवलंय: प्रत्येक प्राण्याच्या कार्डावर त्याला येणाऱ्या ट्रिक्स लिहा, कार्डावर नाही ते पुश. टोळीवाल्यानं दोन कुत्री ठेवावी आणि पुढच्या लेव्हलला हँडल ॲनिमलमध्ये रँक घालावी. घोडा भुयाराच्या तोंडाशी गार्डवर उभा करा, ते त्याला येतं.