शिखर दिसलं म्हणजे यील्ड स्ट्रेस सापडला?

पदार्थ वाहायला लागण्यासाठी जो किमान स्ट्रेस (सरकवणारा ताण) लागतो, तो यील्ड स्ट्रेस. तो मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे रिओमीटरवर, नव्यानं बसणाऱ्यांमध्ये एक युक्ती फिरत असते: ‘यील्ड स्ट्रेसला दोन मिनिटं पुरतात. प्लेटवर सॅम्पल ठेवा, स्ट्रेस शून्यापासून वाढवत न्या, श्यानतेचा (वाहण्याला होणाऱ्या विरोधाचा) आलेख जिथं शिखर गाठतो तो आकडा उतरवून घ्या. जॉमेट्री, म्हणजे सॅम्पल धरणाऱ्या भागांचा आकार, कुठलीही चालते, आकडा पदार्थाचाच असतो.’

शिखर दिसतं, हे खरं. पण त्याआधी पदार्थ जवळजवळ वाहतच नसतो, रबरासारखा नुसता ताणला जात असतो. स्ट्रेस एकसारख्या वेगानं वाढवला की ताणलं जाणंही एकसारख्या वेगानं होतं, आणि यंत्र त्यालाच शिअर रेट (थर एकमेकांवरून सरकण्याचा दर) समजतं. स्ट्रेस वाढतोय, रेट आहे तेवढाच. श्यानता म्हणजे स्ट्रेस भागिले रेट, मग भागाकार चढणारच! म्हणजे चढावरची ती श्यानता ही श्यानताच नव्हे. रचना मोडली की रेट उसळतो आणि आलेख कोसळतो. तो कुठं कोसळेल हे रॅम्पच्या, म्हणजे स्ट्रेस वाढवत नेण्याच्या, वेगावरही ठरतं. सावकाश रॅम्पमध्ये पदार्थाला सरकायला वेळ मिळतो, म्हणून आकडा बहुधा कमी येतो. दोन मिनिटांचा एक, वीस मिनिटांचा दुसरा. यातला ‘पदार्थाचा’ कुठला?

‘जॉमेट्री कुठलीही’ हे तर सगळ्यात महागात पडणारं वाक्य. टोमॅटो सॉस गुळगुळीत प्लेटमध्ये घाला: प्लेटला लागून पाणचट पातळ थर तयार होतो, वरची प्लेट त्यावरून घसरते आणि आतला सॉस जागचा हलत नाही. यंत्राला मात्र वाटतं, वाहिला. आकडा खोटा, आणि नेहमी कमीच. पडताळा सोपा आहे. गॅप, म्हणजे दोन प्लेटमधलं अंतर, 1 मिलिमीटरवरून अर्धा करा. त्याच स्ट्रेसला रेट वाढलेला दिसला तर घसरणच. मग खाचांची किंवा खरखरीत प्लेट घ्या, नाहीतर सॅम्पलमध्ये बुडवून फिरवायची चार पात्यांची व्हेन. गॅप सगळ्यात मोठ्या कणाच्या निदान दहापट हवा. वरच्या प्लेटऐवजी कोन (चपटा शंकू) लावला, तर त्याच्या टोकाशी गॅप अनेकदा 50 मायक्रॉनच्या आसपास असतो. चारोळी घातलेलं श्रीखंड त्याखाली ठेवणाऱ्याला मी काही बोलत नाही.

सॅम्पल ‘ठेवा’ म्हणजे कसं, यावर युक्ती गप्प आहे. वरची प्लेट खाली येतानाच रचना चिरडते. सॉससारख्या पदार्थाला ठरावीक प्री-शिअर द्या (मोजण्याआधी फिरवून घ्या), मग ठरावीक विश्रांती, दर वेळी तेवढीच. दह्याला मात्र प्री-शिअर नको. मोडलेलं दही पुन्हा लागत नाही. ते डब्यातच लागू द्यावं आणि व्हेन हलकेच आत उतरवावी.

एकाच मालाच्या दोन बॅचची तुलना करायची असेल आणि पद्धत तीच ठेवली, तर रॅम्प झकास आहे. माझा आक्षेप आकड्याला पदार्थाचा गुणधर्म म्हणण्यावर आहे. 1985 साली बार्न्स आणि वॉल्टर्स या प्रवाहशास्त्रज्ञांनी तर यील्ड स्ट्रेस मुळात असतो का, यावरच प्रश्नचिन्ह लावलं: पुरेसा वेळ आणि पुरेसं संवेदनशील यंत्र असेल तर कमी स्ट्रेसलाही प्रवाह दिसतो, असं त्यांचं म्हणणं. तो वाद अजून मिटलेला नाही. म्हणून शंका असेल तिथं क्रीप लावावा. स्थिर स्ट्रेसचे काही टप्पे घ्यायचे आणि प्रत्येक टप्प्याला स्ट्रेन (पदार्थ किती ताणला गेला ते) थांबतो की वाढतच राहतो ते पाहायचं. थांबलेला शेवटचा आणि वाहिलेला पहिला टप्पा यांच्यामध्ये कुठंतरी तुमचं उत्तर असतं, आणि अहवालात ती जोडीच लिहावी: जॉमेट्री, गॅप, तापमान, विश्रांती आणि प्रत्येक टप्प्याचा कालावधी यांसकट.