"भारी" म्हणे!

आज डोकं फिरलंय, लिहूनच टाकते. भाचा आलाय सुट्टीला, त्याला इथलं, म्हणजे जर्मनीतल्या लाइपझिगचं, ते 1813च्या लढाईचं स्मारक दाखवायला नेलं. 91 मीटर उंच काळा डोंगर नुसता. वर चढला आणि रील काढत म्हणतो, मावशी काय भारी लढाई झाली असेल ना!

भारी??

16 ते 19 ऑक्टोबर, चार दिवस. एकीकडे नेपोलियन, दुसरीकडे रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया, स्वीडन. पाचेक लाख सैनिक, त्यातले लाखभर मेले नाहीतर जखमी झाले, आणि गावाची वस्ती किती तर तीस-पस्तीस हजार. पळताना फ्रेंचांनी एल्स्टर नदीवरचा पूल उडवला तोही वेळेआधी, स्वतःचीच माणसं मागे असताना. नेपोलियनच्या बाजूचा पोलिश सेनापती पोनियातोव्स्की तीनच दिवसांपूर्वी मार्शल झालेला, तो त्या नदीत बुडून मेला.

मी इथे नवीन होते तेव्हा कोपऱ्यावरच्या एका दगडाला सायकल टेकवून दुधाची पिशवी उचलत होते, तर समोरच्या आजी खिडकीतून ओरडल्या, ते सायकल स्टँड नाहीये! बघितलं तर दगडावर 'एन' कोरलेलं. मला वाटलं हद्दीचा दगड असेल.

तर तो आपेलचा दगड. थिओडोर आपेल नावाच्या लेखकाने 1861 पासून स्वतःच्या खिशातून असे दगड बसवले, कुठलं सैन्य कुठे उभं होतं ते दाखवायला. 'एन' म्हणजे नेपोलियनवाले, 'व्ही' म्हणजे त्याच्या विरोधातले. आजींनी खाली येऊन सगळं सांगितलं, तोवर माझं दूध गरम झालं.

पण त्या लढाईबद्दल फार बोलल्याच नाहीत. नंतरचंच सांगत होत्या. चर्चमध्ये जखमी ठेवलेले, मग टायफस तापाची साथ आली आणि गावातले लोक पटापट मेले. त्यातच इथल्या पोलीस खात्यातला एक कारकून गेला, घरी सहा महिन्यांचं पोर. ते पोर म्हणजे पुढे मोठा संगीतकार झालेला रिचर्ड वागनर, म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. बाकीच्यांच्या पोरांचं कोण सांगणार?

आणि शंभर वर्षांनी, 1913 मध्ये, एवढं थोरलं स्मारक बांधून कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या हजेरीत उद्घाटन! पुढच्याच वर्षी परत लढाईला निघाले सगळे. चीड येते मला.

बरं, नेपोलियन डोकेबाज होता, मान्य. स्मारकाच्या आत मान वर केली की अंगावर काटा येतो, तेही मान्य.

पोरगा 20 वर्षांचा आहे हो. मी तरी त्या वयात काय वेगळी होते, पानिपत म्हटलं की कोण कुठे उभं होतं ते घडाघडा सांगायचे, मागे किती घरं बसली ते एकदाही विचारलं नाही. ट्रॅममध्ये त्याच्याशी बोलले नाही याचं आता वाईट वाटतंय.

स्टॉपवरून घरी येताना त्याने बुटाची नाडी बांधायला सॅक त्याच दगडावर ठेवली. मी ओरडायच्या आत आजींची खिडकी उघडली.